तंजावूरचं स्थळ आणि न उडणारं विमान

स्थळ बघायला म्हणून मी आयुष्यात पुष्कळ घरी गेले, पोहे खाल्ले, परत आले. या खेपेला खरोखरचं स्थळ बघायचं होतं. मुलगा पसंत होता, गाव किती लांब ते बघायचं होतं.

माझी नात मुक्ता पुण्यात ज्या कंपनीत आहे, तिथंच हा रघुनाथ होता. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं मराठी घर, कित्येक पिढ्या तिकडंच. नोकरी सोडून तो गावी परतला आणि तिरुवैयारुजवळ केळी वाळवायचा लहानसा कारखाना काढला. मुक्ता म्हणाली, लग्न करीन तर याच्याशी, आणि राहीन तिथं. माझी सून वैशाली, म्हणजे मुक्ताची आई, महिनाभर तोंड पाडून होती. एकुलती एक पोर, इतकी लांब. मग रघुनाथच्या आईचा, पद्माबाईंचा, फोन आला. इथं आता विमानतळ व्हायचाय, सरकार पैसे देणार आहे, असं म्हणाल्या. वर म्हणाल्या, आमच्या माडीवरून विमान दिसतं. झालं, वैशाली खुलली. माडीवरून दिसतं म्हणजे तळ गल्लीच्या टोकालाच. सकाळी पुण्यात भाजी निवडायची आणि दुपारी लेकीकडं जेवायचं, इथवर तिचा बेत गेला. मी म्हटलं, आधी जाऊन बघू. सरकारनं मनावर घेतलेल्या पुष्कळ गोष्टी मी बघितल्यात.

मुक्ताला रजा नव्हती, म्हणून सासूसुना दोघीच निघालो. पहाटे चारला घर सोडलं. पुण्याहून विमानानं चेन्नई. तिथं चार तास बसून काढले. खुर्च्या लोखंडी, पाठ दुखणाऱ्यांनी उशी न्यावी. मग त्रिचीचं छोटं विमान. तिकीट काढून देणारा म्हणाला होता, तंजावूरला प्रवासी विमान उतरत नाही. वैशालीनं त्यावरही तोडगा काढला, माडीवरून दिसतात ती चाचणीची असतील. त्रिचीहून तंजावूरला गाडीनं तासभर, रस्ता गुळगुळीत. गाडी नको असेल तर बस सारख्या असतात आणि भाडं पन्नासच्या आतबाहेर. दारात पोचलो तेव्हा संध्याकाळचे चार वाजले होते. बारा तास. मोजायला शाळा लागत नाही.

पद्माबाई बाई गोड. बोलतात मराठीच, पण सूर तमिळ, वाक्य शेवटाला वर जातं आणि तिथंच टांगून राहतं. पितळी वाटीतला पेला आला, त्यात कॉफी. रात्री केळीच्या पानावर भात आणि चिंचेची आंबट भाजी. भाजी छान होती, मिरची जरा कमी.

कॉफी संपायच्या आत वैशाली म्हणाली, चला, माडीवर जाऊ. गेलो. पद्माबाईंनी नारळाच्या झाडांवरून बोट दाखवलं आणि हात जोडले.

"हे बघा, विमान."

समोर मोठ्या देवळाचा दगडी कळसाचा मनोरा. त्या भागात गाभाऱ्यावरच्या मनोऱ्याला विमान म्हणतात. हजार वर्षं जागचं हललेलं नाही.

वैशालीनं आकाशात इकडंतिकडं बघितलं. मग मला विचारलं, "आई, यांचं विमान हेच का?" पद्माबाईंच्या ध्यानात आलं तशा त्या ओशाळल्या. "अय्यो. उडतं त्याला आम्मी प्लेन म्हणतो."

मला हसू आलं, पण हसले नाही. वैशाली जिना उतरून खाली गेली आणि रात्रीचं जेवली नाही. खोटं कुणीच बोललं नव्हतं, म्हणून भांडायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी रघुनाथ म्हणाला, आलाच आहात तर खरी जागा दाखवतो. टाऊन बसनं गेलो. तिथं साध्या टाऊन बसला बायकांना पैसे पडत नाहीत; आम्ही दोघी फुकट, रघुनाथनं स्वतःचं तिकीट काढलं. सरकारनं दिलेली ही एक गोष्ट मी हातानं चाचपून बघितली, म्हणून लिहिते. पुदुकोट्टै रस्त्यावर हवाई दलाचा तळ आहे. लांब भिंत, वर तार, फोटो काढायचा नाही. धावपट्टी आतच आहे. तिच्या बाजूला प्रवाशांसाठी इमारत उठवायची, जुनी विमानसेवा पुन्हा जोडायची, असं ठरलंय म्हणे. पूर्वी थोडे दिवस लहान विमान यायचं, मग बंद पडलं. आज बघण्यासारखं म्हणजे भिंत, आणि दोन शेळ्या.

भिंतीसमोर चहाची टपरी. टपरीवाला रघुनाथला तमिळमध्ये काही बोलला आणि हसला. रघुनाथनं सांगितलं, तो म्हणतो रस्ता वळवला तर माझी टपरी जाणार, तरी विमान यावं. त्याचे दोन्ही मुलगे चेन्नईत आहेत, दिवाळीलासुद्धा एकच येतो.

वैशालीनं चहा खाली ठेवला आणि काल रात्रीपासून पोटात धरलेलं विचारलं. "आणि हा विमानतळ झालाच नाही तर?"

"तर त्रिची आहे, काकू," रघुनाथ म्हणाला. "मी मुक्ताला विमानतळ सांगितलाच नाही. बारा तास सांगितलेत."

म्हणजे पोरीला माहीत होतं. हिशेब आम्हा म्हाताऱ्यांचाच चुकला होता.

तिथून तिरुवैयारुला गेलो. रस्त्याच्या दोहों बाजूंना भात आणि केळी, कावेरीचं पाणी पाटापाटातून. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. आठ बाया केळी सोलून चाळणीवर लावत होत्या. त्यातली सेल्वी तिरुप्पूरच्या शिलाईच्या कारखान्यात सहा वर्षं राहून परत आली. का आलीस, तर म्हणाली, इथं काम मिळालं म्हणून. रघुनाथला मी टोकलं, तू कशाला आलास, पुण्यात काय कमी होतं? तो म्हणाला, सगळे उठून शहरात गेले तर विमानातून उतरणार कोण? बोलणं बरं होतं. पण मी चव घेऊन बघितली. केळी जरा जास्त वाळली होती, तसं सांगितलं. त्यानं लगेच चाळण्या काढायला लावल्या. माझं मन तिथंच ठरलं.

परत यायलाही बारा तास. वैशाली चेन्नईच्या लोखंडी खुर्चीवर बोलती झाली. "मला काही झालं तर मुक्ता पोचणार कधी?"

मी तिला सांगितलं ते इथंही लिहिते. माझं माहेर सासरपासून साठ किलोमीटर. मध्ये ओढा, पूल नाही, एसटी आठवड्यातून दोनदा. आई गेली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, पोचले तिसऱ्या दिवशी. पूल झाला, डांबर झालं, आता तासात जाता येतं. पण तोवर तिथं माझं कुणी उरलं नव्हतं. सरकार देतं, नाही असं नाही. बडी शहरं आधी जेवतात, मग पंगत आमच्याकडं येते. विमानतळ द्यायचा तर भिंतीअलीकडची माणसं असेतोवर द्यावा, एवढंच माझं म्हणणं. आणि पोरींनी लग्न ठरवताना आहे तो रस्ता मोजावा, होणारा मोजू नये.

घरी आल्यावर वैशालीनं दोन दिवस नुसती भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी तिनं पद्माबाईंना फोन लावला. म्हणाली, मुलगी देतो, पण लग्न पुण्यात. आमची माणसं बारा तास यायची नाहीत. तिला वाटलं होतं तिकडून नकार येईल.

पलीकडून पद्माबाई म्हणाल्या, "आम्मी असके येतो."

वैशालीनं फोनवर हात ठेवून विचारलं, "आई, असके म्हणजे किती?"

मी म्हटलं, असके म्हणजे सगळे. जुना शब्द आहे. पत्रावळी जास्त सांग.