माहेरापर्यंत न पुरणारी गाडी

माझी इलेक्ट्रिक गाडी खेडहून लोट्याच्या एमआयडीसीत रोज विनातक्रार जायची. कंपनीच्या लॅबमध्ये माझी दिवसपाळी, संध्याकाळी परत घरी. एवढ्याला ती पुरून उरायची. अडायचं ते फक्त माझ्या माहेरच्या वाटेवर.

माहेर मुरुडजवळच्या मोहल्ल्यात. आधी दापोलीचा चढ, मग समुद्राकडे उतार, आणि येताना तेच उलट. नवी होती तेव्हा एका चार्जिंगवर जाऊन यायची. पुढे बॅटरी थकली. चढावर मी एसी बंद करायची, काचा खाली घ्यायची आणि घामाने निथळत समोरच्या आकड्याकडे बघत बसायची. एकदा चिऱ्यांनी भरलेला ट्रक मला मागे टाकून गेला. त्या दिवशी स्टिअरिंगवर हात आपटून मी ठरवलं, ही देऊन नवीन मॉडेल घ्यायचं.

नवरा दोह्याला असतो. फोनवर म्हणाला, "लोट्याला पुरते ना? मग झालं की."

"आणि अम्मीकडे जायचं असलं तर?"

"तिथे रात्रभर चार्ज करतेसच ना. नाहीतर एसटी आहे."

गाडी मी चालवते, हप्ते माझ्या पगारातून गेले, आणि ती कुठवर पुरावी हे दोह्यात ठरत होतं! मी फोन ठेवला आणि एका शनिवारी सासूला घेऊन चिपळूणच्या शोरूमला गेले.

तिथल्या माणसाने माझ्या गाडीला लॅपटॉप जोडला, बराच वेळ बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "मॅडम, जुन्या इलेक्ट्रिकला गिऱ्हाईक नाही हो. पेट्रोलची असती तर गोष्ट वेगळी." घेताना हीच गाडी भविष्यकाळाची होती. रागाने माझे कान तापले. पण नव्या गाडीत बसले, दापोलीच्या चढाचं विचारलं, तर तो हसून म्हणाला, "मुरुडला जाऊन या, वर दुसऱ्या दिवशी कंपनीत जा. मध्ये चार्ज करायला नको." मी घेणार हे तेव्हा माझ्यापुरतं नक्की झालं होतं.

परतताना खेडजवळ, भरणे नाक्याच्या अलीकडे सासूने विचारलं, "म्हणजे आता मुरुडला रात्रीची राहायला नको तुला?"

"गरज नाही पडणार."

"मग बरीच गो ही गाडी. रविवारी सकाळी जा, रात्रीच्या जेवणाला घरी ये."

तिने हे मनापासून, माझ्या सोयीचं म्हणून सांगितलं. रात्री नवऱ्याचा फोन आला. "आई म्हणते, घेऊन टाक. मलाही पटलं. तू रात्री घरात नसलीस की तिला करमत नाही."

इतके दिवस भांडून मिळालं नव्हतं ते एका वाक्यात मिळालं, आणि ते मला नको झालं. अम्मीकडची माझी शनिवारची रात्र इतके दिवस बॅटरीच्या नावावर चालत आली होती. मुलगी आईकडे राहते म्हणून नाही, गाडी चार्ज होते म्हणून. अम्मीशेजारी अंथरूण टाकून मी तिच्या गुडघ्यांना तेल लावायची, ती मोहल्ल्यातल्या लग्नांच्या आणि भांडणांच्या बातम्या सांगत झोपून जायची. हे फोनवर कसं मांडायचं? मांडलं असतं तर तो म्हणाला असता, मग राहा की, तुला कोणी अडवलंय? आणि खरंच कोणी अडवलं नसतं. फक्त दर शनिवारी विचारलं असतं, आज का राहतेस?

दोन दिवस मी दोघांवर चिडले, मग स्वतःवर. शेवटी त्याला सांगितलं, "एक्स्चेंजला भाव नाही. राहू दे."

"शहाणी आहेस," तो खूश होऊन म्हणाला. त्याच्या नकारापेक्षा ही शाबासकी मला जास्त झोंबली.

पुढच्याच शनिवारी वायरमन बोलावून मी अम्मीच्या अंगणात चार्जिंगची वेगळी लाइन ओढून घेतली. त्याआधी गाडी चार्जिंगला लावली की घरातला पंखा मंदावायचा आणि भावजय काही न बोलता छताकडे बघायची, तेवढं तरी थांबलं. सासूने विचारलं, जुन्या गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला? मी म्हटलं, बॅटरी आणखी उतरलीय, आता रात्रभर चार्ज केल्याशिवाय परतीचा चढ होत नाही.

ते खोटं नव्हतं. दापोलीच्या चढावर मी अजून घामाने भिजते, आणि अजून तितकीच वैतागते.