बोटीची ट्रॉली आणि हातोडीअण्णा

हातोडीअण्णांना कुठलीही लोखंडी वस्तू दाखवा, ते तिच्याकडे नीट बघायचेसुद्धा नाहीत. शर्टाच्या खिशातून वीतभर दांड्याची छोटी हातोडी काढायची, मान तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि टक, टक, टक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. मधेच थांबून म्हणायचे, "हितं खाल्लंय." तिथं खडूनं खूण करायची. ग्राइंडरनं रंग काढला की बरोबर त्या जागी गंजानं पोखरलेलं लोखंड निघायचं. रामनगरात लोक थट्टेनं म्हणायचे, अण्णांपुढं पोट दुखतंय म्हणू नका, ते पोटावरपण हातोडी मारून बघतील. खरं नाव काय होतं ते मला त्यांच्या जाण्यानंतर, कागदावर सही करताना कळलं.

माझा आणि त्यांचा संबंध बोटीमुळं आला. मी मूळचा बेळगावचा. शहरातली नोकरी सोडून गणेशगुडीला सुपा धरणाच्या पाण्याकाठी चार खोल्या बांधल्या आणि पर्यटकांसाठी एक पाँटून बोट घेतली. गावात तिला पिंपांची बोट म्हणतात, आणि ती तशीच असते. दोन लांब बंद पिंपं, त्यावर सपाट फळ्या, फळ्यांवर खुर्च्या. पावसाळ्यात जलाशयात वाहून आलेले ओंडके हिंडत असतात, त्यामुळं त्याआधी बोट बाहेर काढावी लागते. त्यासाठी चाकांची ट्रॉली. ती उतारावरून पाण्यात न्यायची, बोट तिच्यावर तरंगत आणून बांधायची आणि ट्रॅक्टरनं वर ओढायची. दरवर्षी ट्रॉलीची चाकं पाण्यात बुडणार, बेअरिंगमध्ये पाणी शिरणार आणि दरवर्षी मी रामनगरला अण्णांच्या शेडपुढं जाऊन उभा राहणार, हे अकरा वर्षं ठरलेलं होतं. या अकरा वर्षांत त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी शेवटपर्यंत "पाव्हणं"च राहिलो. गाव सोडून आलेल्या माणसाला ते पाव्हणाच म्हणत, आणि स्वतःलाही त्यातच धरत.

कारण त्यांचंही गाव उरलेलं नव्हतं. धरण झालं तेव्हा ते मिसरूड फुटायच्या वयाचे होते. गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं रामनगरला आली. माझ्या बोटीच्या ट्रॉलीचा खिळा न् खिळा त्यांच्या हाताखालून गेला, पण बोटीत ते एकदाही बसले नाहीत. पहिल्या वर्षी मी फारच आग्रह केला तेव्हा पाण्याकडं बोट करून म्हणाले, "त्या वाळक्या झाडाच्या म्होरं आमचं घर हाय. घराच्या डोक्यावरनं फिरायला मला बरं वाटत न्हाई पाव्हणं. तुमी फिरवा लोकास्नी." त्यानंतर मी विषय काढला नाही. पर्यटकांना मात्र मी त्या झाडापाशी नेऊन फोटो काढायला बोट थांबवायचो. ते आठवलं की आज लाज वाटते.

कामाच्या बाबतीत अण्णांचा एक नियम होता. त्यांनी दुरुस्त केलेली ट्रॉली, गाडा, काहीही असो, पहिल्यांदा भार घालून ओढताना चाकामागं लाकडी ठोकळा घेऊन ते स्वतः उभे राहत. ट्रॅक्टर हातभर पुढं सरकला की ठोकळा हातभर पुढं. काही निसटलं तर पहिला फटका त्यांनाच बसावा अशी ती जागा. मी एकदा विचारलं, हे काम दुसऱ्या कुणाला का देत नाही? त्यावर त्यांचं उत्तर, "मी जोडलोय न्हवं? मग मागं बी मीच. दुसऱ्याचा पाय कशाला घालायचा त्यात?" हे सांगताना त्यांच्या आवाजात मोठेपणा नसायचा. शेड झाडायचं काम कुणाचं, इतक्या साधेपणानं ते बोलायचे.

अण्णांना ऐकू येत नाही हे मला कळलं ते गेल्या दिवाळीच्या सुमारास, निव्वळ योगायोगानं. शेडसमोर रस्त्याच्या कडेला ते पाठमोरे उभे होते आणि मागून एक लॉरी उलटी येत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मी ओरडतोय, आणि अण्णा आपले बिडी शिलगावतायत. शेवटी दंडाला धरून ओढलं तेव्हा माझ्याकडं, मग लॉरीकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. शेडमध्ये जाऊन स्टुलावर बसले. मी समोर बसून सावकाश विचारलं, "अण्णा, कधीपासून?" माझ्या ओठांकडं बघत होते ते. म्हणाले, "तीन पावसाळं झालं. आदी डावा गेला, मग उजवा."

चाळीस वर्षं ग्राइंडर आणि घणाच्या आवाजात काढलेली. कान जाणारच होते. मग मला सगळं उलगडत गेलं. फोन आला की हात काळे आहेत म्हणून दुसऱ्याकडं देणं, सारखं तोंडाकडं बघून बोलणं, मागून हाक मारली तर ओ न देणं. घरी वहिनींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, वाटायचं की माणूस वयानं हट्टी झालाय. मी विचारलं, "मग लोखंड कसं तपासता?" त्यांनी डावा पंजा शेजारी पडलेल्या लोखंडी चॅनलवर पालथा ठेवला, उजव्या हातानं हातोडी मारली. "आता बोटानं ऐकतो," म्हणाले. मला ते तेव्हा फार भारी वाटलं होतं. बेळगावला दाखवू, कानाचं यंत्र मी घेऊन देतो, असं मी दोनदा म्हणालो. "कानात यंतर घालून लोखंड तपासणारा मेस्त्री बघिटलासा कुटं? कुणाला बोलू नकासा पाव्हणं. पाया पडतो. कान गेला म्हटल्यावर हातोडी कोण इचारतंय?"

पाया पडतो म्हणणारा तो माणूस मला अजिबात बघवला नाही. मी शब्द दिला. कुणाला म्हणजे कुणालाच सांगणार नाही.

गेल्या हिवाळ्यात मी मोठी बोट घेतली. आधीची आठ माणसांची होती, ही सोळांची. ती लॉरीतून आली आणि क्रेननं थेट पाण्यात उतरवली, त्यामुळं ट्रॉलीचा प्रश्न मे महिन्यापर्यंत ढकलला गेला. मग घाई. जुनी ट्रॉली लांब करायची, एकाच्या जागी दोन एक्सल घालायचे, बोटीची पिंपं टेकतात त्या लाकडी पट्ट्या बदलायच्या, पुढं दोर गुंडाळायचं नवं चाक बसवायचं. अण्णांनी आठ दिवस गणेशगुडीतच मुक्काम ठोकला. रोज सकाळी भाकरी आणि सुकट खाऊन बसायचे, ते ऊन उतरेपर्यंत. मी इतकं सुंदर काम क्वचित पाहिलंय. दोन्ही एक्सल असे समांतर लावले की दोरी ताणून मापलं तरी केसाचा फरक नव्हता.

राहिली पुढची दांडी, म्हणजे ट्रॅक्टरला जोडतात तो जाड चॅनल. ती जुनीच होती. बदलायची की ठेवायची, हे ठरवायला अण्णांनी खिशातून हातोडी काढली, पंजा ठेवला आणि डोळे मिटले. टक, टक, टक. मग एका जागी आवाज बदलला. भद्द. ओल्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. मी तीन हातांवर उभा होतो, मला स्वच्छ ऐकू आला. अण्णांची हातोडी न थांबता पुढं गेली. शेवटच्या टोकाला जाऊन ते उठले. म्हणाले, "ही चांगली हाय. ऱ्हाऊ दे."

मी काय करायला हवं होतं, हे आता कुणीही सांगेल. त्या क्षणी त्यांचा जावई परशुराम शेजारीच बसून ग्रीस भरत होता. ट्रॅक्टर त्याचा, ओढणार तोच. त्याच्यापुढं मी म्हणणार काय? अण्णा, इथं आवाज भद्द आला, तुम्हाला ऐकू नाही आला? मी स्वतःची समजूत घातली की चाळीस वर्षं लोखंड हाताळणाऱ्या माणसाला मी काय शिकवणार. "नवीनच घालूया ना," एवढं एकदा पुटपुटलो. पाठमोऱ्या माणसाकडं बघून पुटपुटलो. ते म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचणार नाही हे माहीत असूनही मला बोलल्याचं समाधान मिळालं.

बोट ओढायच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. पाण्याकाठी आम्ही तिघंच. परशुराम ट्रॅक्टरवर, मी बाजूला दोर सांभाळत, आणि अण्णा मागं, डाव्या चाकाशी ठोकळा घेऊन. "अण्णा, आज मी थांबतो मागं," मी त्यांच्या समोर जाऊन म्हणालो. त्यांनी ओठ वाचले आणि हसले. "तुमी जोडलासा व्हय?" मी जास्त ताणलं असतं तर परशुरामनं विचारलं असतं, का? मी बाजूला झालो.

बोट पाण्याबाहेर आली. निम्मा उतार चढून झाला. परशुराम वळून मागं बघत होता, त्याला दांडीला गेलेली चीर उघडताना दिसली. तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "मामा, सरका! मामा!" तीनदा ओरडला. अण्णा चाकाकडं खाली बघत ठोकळा सरकवत होते. मी हाक मारली नाही. मारून उपयोग नाही हे माहीत असलेला तिथं मी एकटाच होतो. मी धावलो. दहा पावलांचं अंतर होतं. सहा झाली असतील तेवढ्यात दांडी मधून तुटली आणि बोटीसकट ट्रॉली मागं, अण्णांच्या अंगावर गेली.

दांडेलीच्या दवाखान्यापर्यंत नेलं, पण रस्त्यातच सगळं संपलं होतं.

लोकांनी परशुरामला धरलं. साहजिकच होतं. ज्या माणसाला लोखंडाच्या पोटातला गंज ऐकू येतो, त्याला जावयाची हाक ऐकू आली नाही? म्हणजे यानं हाक मारलीच नाही. झटका देऊन ओढलं, पुढं बघून चालवलं, वर आता खोटं बोलतोय. परशुराम शपथा घेत राहिला. वहिनींनी मुलीला घरी आणलं आणि त्याला दारात उभं राहू दिलं नाही. मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत होतो, सगळं एकदम झालं, काही कळलं नाही. मी अण्णांना दिलेला शब्द पाळतोय असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो.

बाराव्या दिवशी रामनगरला गेलो. सोप्यात माणसं बसली होती. अंगणात आंब्याखाली परशुराम एकटाच उभा होता. दाढी वाढलेली, हातात नारळाची पिशवी. ती आत नेऊन द्यायचीही त्याला सोय नव्हती. मला बघून त्यानं नुसती मान खाली घातली, जणू खरंच त्याचंच चुकलं होतं. ते मला सोसवलं नाही.

मी आत गेलो आणि सगळ्यांसमोर वहिनींना सांगितलं. परशुरामनं तीनदा हाक मारली. मी ऐकली. अण्णांना तीन वर्षं ऐकू येत नव्हतं, आणि त्यांनीच मला कुणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तीन वर्सं मी त्यास्नी बोलत हुते. हाक मारली तर ओ देत न्हाईत, माज आलाय म्हणून. जेवायला वाढताना बी बोलले." मग पदरानं तोंड पुसलं आणि दाराकडं बघून जरा मोठ्यानं म्हणाल्या, "जावई, आत या. उनात कशाला थांबलासा?"

परशुराम उंबऱ्याशी येऊन चप्पल काढू लागला. त्याची बायको मुसमुसत उठली आणि तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. मला वाटलं, चला, एवढं तरी नीट झालं. तेवढ्यात वहिनी माझ्याकडं वळल्या. आवाजात राग नव्हता. खरंच समजून घ्यायचं होतं त्यांना.

"म्हंजे तुमास्नी ठाव हुतं," त्या म्हणाल्या, "आणि तरी तुमी त्यास्नी मागं उभं ऱ्हाऊ दिलासा?"

परशुरामला बसायला कुणीतरी सरकून जागा केली. मी उठलो, अंगणात येऊन चपला शोधल्या आणि रस्त्याला लागलो. मागून मला कुणी हाक मारली नाही.