जमायची जागा

बसमध्ये चढले की ते दाराशीच उभे राहून बोटानं माणसं मोजायचे. पुढून मागे, मग मागून पुढे. "आधी मोजा, मग हला," हे त्यांचं पालुपद. इथे परदेशात, जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावर जाणाऱ्या कंपनीच्या त्या बसमध्ये आम्ही तिघे-चौघे मराठी होतो. आपापसात आम्ही त्यांना हजेरीमास्तर म्हणायचो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आधी त्यांच्या शिस्तीचा वैताग येतो आणि पुढे तिच्याशिवाय चैन पडत नाही. मास्तर म्यानमारचे, पन्नाशीतले, आमच्या प्लांटचे सेफ्टी सुपरवायझर. आगीचा भोंगा वाजला की सगळ्यांनी हिरव्या पाटीखाली जमायचं आणि मास्तर वही घेऊन प्रत्येकाच्या खांद्याला पेन टेकवत मोजणार. एका सरावात मी आळसानं टॉयलेटमध्येच बसून राहिलो, तर त्यांनी सगळ्या प्लांटला उन्हात पाऊण तास उभं केलं. "एक कमी आहे," एवढंच म्हणत राहिले. माझी आई म्हणायची, जित्या माणसांची अशी मोजदाद करू नये. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खळखळून हसले होते.

त्यांच्या देशात यादवी चालू होती. गावी आई आणि बहीण. सैनिक येऊन घरं जाळायचे, लोक वाट फुटेल तिकडे पळायचे आणि मागे कोण राहिलं याचा पत्ता लागायचा नाही. शेजारची एक म्हातारी अशीच घरात जळून गेली, तेव्हा यापुढे कोणी मागे राहू द्यायचं नाही, असा मास्तरांनी चंग बांधला. बसमधून रोज बहिणीला फोन, मांडीवर गावाचा नकाशा. इशारा म्हणून विहारातली घंटा. जमायची जागा एकच, गावाबाहेर चिंचांखालचं मैदान. बहिणीनं मोजायचं, आणि आकडा जुळल्याशिवाय कोणी जंगलाकडे हलायचं नाही.

नकाशा त्यांनी मला मोठ्या हौसेनं दाखवला. मी "झकास" म्हटलं. तो शब्द मला अजून टोचतो.

दोनदा सगळं सुरळीत झालं. दोन्ही वेळा सगळी माणसं जंगलात सुखरूप पोचली आणि मास्तरांनी बसमध्ये केळ्याचे वेफर्स वाटले.

तिसऱ्यांदा घंटा वाजली, लोक मैदानात जमले. बहिणीनं मोजलं तर एक कमी. मास्तरांची आई कोंबड्या कोंडायला मागे राहिली होती. नियमाप्रमाणे सगळे तिची वाट पाहत उभे राहिले, आणि वरून विमान येऊन बॉम्ब टाकून गेलं. बहीण तिथेच गेली. आई घरात होती, म्हणून वाचली.

हे त्यांनी मला बसमध्येच सांगितलं. त्या दिवशी त्यांनी कोणाला मोजलं नव्हतं.

"त्यांना एका जागी मी उभं केलं," ते म्हणाले.

पुण्याहून शिकून आलेला माणूस मी, नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसलो.

पुढच्या सरावाला भोंगा वाजला तसे मास्तर पाटीखाली धावले आणि जमलेल्यांना खांद्याला धरून ढकलू लागले. "पांगा. इथे थांबू नका, पांगा." काहीजण हसले. साहेबांनी त्यांना रजेवर पाठवलं. त्याच आठवड्यात ते आईला आणायला गावी गेले. त्यानंतर त्यांचा फोन लागलेला नाही.

वही आता माझ्याकडे आहे. भोंगा वाजतो, लोक पाटीखाली येतात, मी पेन टेकवत मोजतो. पश्चिमेकडून सरावाची लढाऊ विमानं आवाज करत जातात आणि माझा आकडा चुकतो. पुन्हा मोजावं लागतं. शेवटी जुळतो.

"झालं," मी म्हणतो. "पांगा आता."