ओल्या तंबूला लागलेला हात

आमच्या दिघीच्या तंबू-दुरुस्तीच्या शेडमध्ये मामंजींचा एकच कायदा होता: ओल्या तंबूला आतून हात लावायचा नाही. कॅनव्हास भिजला की फुगतो आणि पाणी बाहेरच अडवतो, पण आतून बोट जरी टेकलं तरी नेमकं तिथूनच ठिबकायला लागतं. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी दुरुस्तीला आलेल्या एका भिजलेल्या तंबूत कौतुकाने हात फिरवला. सासऱ्यांनी नव्या सुनेला असं झापलं, की पुढे कितीतरी दिवस त्यांचं ताट मी सासूबाईंच्याच हाती पाठवत होते.

शेडमधल्या मशीनवर मेणाच्या दोऱ्याने शिवायला मात्र त्यांनीच शिकवलं. "बरी आहे" म्हणाले की समजायचं, शाबासकी मिळाली.

पुढे मिलिटरीचे तंबू दुरुस्तीला येणं हळूहळू थांबलं. आता प्लास्टिकच्या कापडाचे तयार येतात, फाटले की टाकून देतात. त्यातच मामंजींची नजर गेली. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून मामंजी शिवणीवरून बोटं फिरवूनच काम तपासायचे, आणि ढिला टाका सापडला की माझी काही धडगत नसायची.

अशात चाकणच्या एका कंपनीला मिलिटरीसाठी कॅनव्हासचेच तंबू शिवून हवे होते. नमुना पास झाला तर शेड चालणार, नाहीतर कुलूप, हे मामंजींना आणि मलाही पक्कं ठाऊक होतं. त्या सकाळी मामंजी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून माझ्याआधीच टेम्पोत जाऊन बसले.

कंपनीच्या आवारात तंबू उभा केला. साहेब, मामंजी आणि मी आत, वरून पाईपने पाणी. बराच वेळ पाणी मारलं, पण आत टिपूस नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं. साहेबही खूश झाला, शिवण कोणाची म्हणून विचारलं. आणि शिवणीचं नाव निघताच मामंजींचा हात वर गेला. मी "मामा" म्हणेपर्यंत त्यांची बोटं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलीसुद्धा. सबंध शिवण गळायला लागली.

मी तावातावाने समजावलं, की शिवणीत खोट नाही, ओल्या कॅनव्हासचं असंच असतं, हात लागला म्हणून गळालं. साहेब काही वाईट माणूस नव्हता. असता तर मी भांडले तरी असते.

"अहो ताई, झोपेत जवानाचा हात लागणारच ना?" तो म्हणाला.

खरंच होतं ते. आम्ही तंबू उतरवला.

परतताना मोशी आली तेव्हा मामंजी म्हणाले, "पोरी, शिवण कशी होती?"

"चांगली होती, मामा."

"हं. मशीन विकून टाक. न्यायला येतील तेव्हा मला लेकीकडे सोड. मला ते बघवणार नाही."

बघायला डोळे कुठे राहिलेत, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. मशीन गेलं त्या दिवशी त्यांना नणंदेकडे सोडून आले, आणि रिकाम्या शेडमध्ये एकटीच बसून पोटभर रडले.