रुमालातला तुकडा

मी लढाईत बंदूक कमी चालवली, तार जास्त ओढली. ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ असं कोणी विचारलं की मी तारेचे मैल सांगतो, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. दुसऱ्या महायुद्धात मी सिग्नल प्लाटूनमध्ये लान्स नाईक होतो. आमची बटालियन ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर एका डोंगररांगेत होती. खाली हेडक्वार्टर आणि वर टेकड्यांच्या माथ्यांवर तीन चौक्या. चौकीला आम्ही पिकेट म्हणायचो. हेडक्वार्टरपासून प्रत्येक पिकेटपर्यंत जमिनीवरून टेलिफोनची तार टाकलेली होती. ती तार चालू ठेवणं एवढंच आमचं काम होतं.

पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यार घेऊन आपापल्या खंदकात. सहाला पहिली लाइन टेस्ट. त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी एक्सचेंजवरचा जवान हँडल फिरवायचा आणि पलीकडून ‘ओके’ यायचं. उत्तर आलं नाही तर तार कुठेतरी तुटली असं समजायचं. कधी तोफेच्या गोळ्याने तुटायची, कधी खेचराच्या टापेखाली, कधी नुसता बांबू पडूनही. मग लाइनमन निघायचा. डाव्या मुठीत तार सैल धरायची आणि चालत राहायचं. तार जिथे हातातून संपेल तिथे थांबायचं, दुसरं टोक शोधायचं, जोड द्यायचा, खांद्यावरचा फोन तारेला लावून एक्सचेंजला सांगायचं आणि परतायचं. नियमाने दोघांनी जायचं, पण मलेरियाने निम्मी प्लाटून आडवी केली होती, तेव्हा एकटाच जायचा.

तिथल्या धुक्याबद्दल सांगायला हवं. सकाळी नऊपर्यंत स्वतःचे बूट दिसत नसत. मुठीतून सरकणारी तार तेवढी खरी वाटायची. चालता चालता डोळे उघडे असून झोप लागल्यासारखं व्हायचं. मला हटकून आमचं गाव, वरवट बकाल, दिसायचं. दोन्ही बाजूंना उंच ज्वारी, मधून पायवाट आणि पुढे कोणीतरी चालतंय, पाठमोरं. मी हाक मारायचो नाही. तिथे हाक मारायची बंदी होती आणि स्वप्नातही मी शिस्त पाळत होतो.

मी मलकापूरला भरती झालो तेव्हा लोकांनी विचारलं होतं, मास्तरचा पोरगा काऊन चालला? वडील मिशनचे प्रचारक होते, गावातल्या पोरांना अक्षरं शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी देशासाठी वगैरे चाललो असं सांगितलं. खरं म्हणजे मी आमच्याच गावच्या शिमोनपासून लांब चाललो होतो. आठ महिन्यांनी नव्या जवानांची तुकडी आमच्याकडे आली, ट्रकमधून एकेक उतरू लागला, आणि चौथा शिमोन. सुभेदार साहेब खूश झाले. एका गावची पोरं, म्हणाले, एकाच सेक्शनमध्ये ठेवू, दोघांना बरं वाटेल.

शिमोनवर माझा राग का होता ते सांगतो. माझी बहीण मार्था पंधरा वर्षांची होती. तिला दोन दिवस उलट्या होत होत्या, तिसऱ्या दिवशी सकाळी ती बोलेनाशी झाली. मी तेव्हा मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होतो. घरी फक्त आईवडील. मिशनचे डॉक्टर त्या दिवशी नांदुऱ्याला आलेले होते. वडिलांनी आपली सायकल शिमोनला दिली आणि डॉक्टरांना घेऊन ये म्हणाले. गावात त्याच्यासारखी सायकल कोणी हाणत नसे. पण वाटेत एका गावात कुस्त्यांची दंगल भरली होती. एक कुस्ती बघू म्हणून तो उतरला आणि तिथेच रमला. डॉक्टर दुपारी यायचे ते दिवेलागणीला आले. मार्था त्याच्या थोडी आधी गेली होती.

हे कोणाला कळलंही नसतं. सायकल पंक्चर झाली म्हणाला असता तर सगळ्यांनी मान हलवली असती. पण पुढच्या रविवारी प्रार्थनेत तो उभा राहिला आणि दंगलीची गोष्ट त्याने स्वतःच सांगितली. आमच्या मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, येशूच्या आठवणीसाठी वाटून खायच्या प्रभुभोजनाला गव्हाची रोटी नसायची. वऱ्हाडातल्या खेड्यात रोज गहू कुठला? ज्वारीची भाकरी आणि गुळाचं पाणी. भाकरी करण्याची पाळी बायकांमध्ये फिरायची. आणि वडिलांनी एक रीत घातली होती. तुकडा स्वतःच्या हाताने तोंडात घालायचा नाही. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्या हातावर आधी ठेवायचा आणि त्याच्या हातून आपण घ्यायचा. बांधावरून भांडलेले दोघे भाऊ खाली मान घालून एकमेकांना तुकडा देताना मी लहानपणापासून पाहिले होते. आम्हा पोरांना त्याची मोठी मजा वाटायची.

त्या रविवारी वडील उठले आणि त्यांनी शिमोनच्या हातावर तुकडा ठेवला. मार्थाला मातीत ठेवून चार दिवस झाले होते. मी बाहेर निघून गेलो. संध्याकाळी मी वडिलांना नाही नाही ते बोललो. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “मार्था तं आता वापस येत नाही, दानिएल. हा येऊ शकते.” मला त्या वाक्याचा फार राग आला. त्यानंतर मी कोणाच्याच हातून तुकडा घेतला नाही. प्रार्थना म्हणायचो, गाणी म्हणायचो, पण भाकरी फिरू लागली की उठून जायचो.

आता हा शिमोन माझ्या सेक्शनमध्ये होता. कामाला चोख होता, हे मान्य करावंच लागेल. त्याचा जोड इतका घट्ट असायचा की हवालदार साहेब नव्या पोरांना तो दाखवायचे. तो सतत गुणगुणायचा आणि दोन माणसांचं जेवायचा. मी त्याच्याशी कामापुरतं बोलायचो. दर रविवारी सकाळी तो लंगरमधून, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातून, चपातीचा तुकडा घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा. तुकडा तळहातावर. मी बुटाची नाडी बांधायला घ्यायचो. मग तो तुकडा रुमालात बांधून डाव्या खिशात ठेवायचा आणि निघून जायचा. असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. माझ्या नाड्या मात्र बटालियनमध्ये सर्वांत घट्ट बांधलेल्या असत.

त्या रविवारी सकाळी सहाच्या टेस्टला नंबर दोन पिकेटचं उत्तर आलं नाही. मी एक्सचेंजवर होतो. पाळी शिमोनची होती. त्याने फोन खांद्याला लावला, माझ्यासमोर क्षणभर थांबला, हात खिशाकडे गेला. मी हवालदार साहेबांकडे पाहून म्हणालो, लाइनमन निघतोय. तो तार हातात घेऊन धुक्यात गेला. दोन पावलांवर दिसेनासा झाला, गुणगुणणं थोडा वेळ ऐकू येत होतं.

सहा चाळीसला घंटी वाजली.

“एक्सचेंज. लाइनमन बोलतोय. जोड देल्ला. टेस्ट करा.”

मी नंबर दोनला वाजवलं. उत्तर आलं.

“लाइन ओके,” मी म्हणालो.

“दानिएल भाऊ,” तो म्हणाला, “आज रविवार हाय. एक सांगू का तुले?”

त्याचा आवाज अगदी कानाशी होता. तारेवर माणूस समोरासमोर असतो त्याहून जवळ येतो. मला ते सहन झालं नाही.

“लाइन कामाची आहे,” मी म्हणालो. “फोन काढ अन् वापस ये.”

“हाव,” तो म्हणाला. खट असा आवाज झाला. त्याने फोन तारेवरून काढला.

सहा त्रेचाळीसला नंबर दोन पिकेटने वाजवलं. नाल्यातून शत्रूची गस्तीची तुकडी खाली येतेय, आवाजावरून आठ ते दहा माणसं, पायवाटेकडे. तुमचा लाइनमन वाटेवर असेल तर त्याला वर आमच्याकडे पाठवा. मी हँडल फिरवलं. पुन्हा फिरवलं. तारेवर पिकेटखेरीज कोणी नव्हतं. तीन मिनिटं त्याला बोलू दिलं असतं तर फोन त्याच्या कानालाच असता, आणि पिकेट हाकेच्या अंतरावर. सहा पंचेचाळीसला तीन गोळ्या ऐकू आल्या. नंतर काही नाही.

हवालदार साहेबांनी मला जाऊ दिलं नाही. गस्तीची तुकडी मागे फिरल्याचं पिकेटने कळवलं तेव्हा सात पंचवीस झाले होते. मी तार मुठीत धरली आणि निघालो. धुकं तसंच होतं. मी चालत होतो आणि मला पुन्हा ती ज्वारी दिसू लागली. पुढे कोणीतरी पाठमोरं चालत होतं. आधी मला वाटलं मार्था आहे, परकराची कड दिसल्यासारखी झाली. मग वाटलं वडील. सायकलच्या चाकाचा बारीक आवाज येत होता, आणि मला मनातून वाटत होतं की आता दुपारच आहे, डॉक्टर वेळेवर येतायत. मला भीती अशी वाटलीच नाही. तार सरकत होती आणि मी कितीही वेळ तसाच चालत राहिलो असतो. मग मुठीला जोड लागला. घट्ट गुंडाळलेला, वर टेप व्यवस्थित दाबलेली. मी थांबलो.

धुक्यात शोधलं तेव्हा तो तिथून पंधरा पावलांवर सापडला. एका बुंध्याला टेकून बसलेला. डोळे मी मिटले. अंग अजून थोडं गरम होतं. कागदपत्रं आणि सामान ताब्यात घ्यायचं असतं म्हणून मी त्याचे खिसे पाहिले. उजव्या खिशात टेपची गुंडाळी आणि आईचं पत्र. डाव्या खिशात रुमाल. रुमालाला गाठ होती. ती सोडायला मला फार वेळ लागला. आत चपातीचा तुकडा होता, दर रविवारसारखाच, दोन बोटांएवढा.

मी त्याचा हात उघडला, त्याच्या तळहातावर तो तुकडा ठेवला, आणि मग तिथून उचलून खाल्ला. चावता येत नव्हतं, तरी खाल्ला. त्यानंतर मी खूप रडलो, आणि आवाज होऊ नये म्हणून बाही तोंडात धरली होती. मग फोन तारेला लावला.

“एक्सचेंज. दानिएल बोलतोय.”

“रिपोर्ट द्या,” हवालदार साहेब म्हणाले.

“लाइन ओके आहे,” मी म्हणालो. “शिमोन गेला.”

मला कोणी दोष दिला नाही. नियमाने मी बरोबर होतो. लाइनवर खासगी बोलायचं नाही, हे भिंतीवर लिहिलेलंच होतं. सुभेदार साहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि गाववाला गेला म्हणून दोन दिवस हलकी ड्यूटी दिली. मी घेतली नाही. मी सकाळी उठायचो, टेस्ट घ्यायचो, आणि दर वेळी पलीकडून ‘ओके’ आलं तरी फोन लगेच खाली ठेवायचो नाही. मी त्याला माफ केलं होतं, असं वाटायचं. आणि दुसऱ्या दिवशी दंगल आठवली की राग तसाच उठायचा, मेलेल्या माणसावर. पुन्हा पहिल्यापासून माफ करायचं. शिवाय आता मी स्वतः माफी कोणाकडे मागायची हा प्रश्न होता. माफ करणं लाइनसारखंच, काल चालू होती म्हणून आज चालू असेल असं धरून चालत नाही, रोज हँडल फिरवून पाहावं लागतं.

लढाई संपल्यावर मी मलकापूरला उतरलो. तिथून बैलगाडी आणि पायी असा वरवटला पोचलो. वडील स्टेशनवर आले होते. वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मले सांगून काय फायदा, सगुणाले सांग. सगुणामावशी म्हणजे शिमोनची आई. नवरा लवकर गेलेला, हा एकच मुलगा. सरकारी पत्रात तिला एवढंच कळवलं होतं की तो कर्तव्य बजावताना पडला.

मी शनिवारी संध्याकाळी तिच्याकडे गेलो. त्या आठवड्याची भाकरी करण्याची पाळी तिची होती, ती पीठ चाळत होती. त्याच्या कौतुकापासून सांगायला घेतलं असतं तर सोपं गेलं असतं, तो किती शूर, जोड किती पक्का. पण शिमोन मंडळीसमोर कसा उभा राहिला होता ते मला आठवत होतं. मी सहा चाळीसपासून सुरुवात केली. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, खट आवाज कसा झाला. मी त्याला फोन काढायला लावला नसता तर तो वाचला असता, हेही सांगितलं. ती चाळायची थांबली नाही. पीठ संपलं तरी रिकामी चाळणी हलत राहिली.

मग चाळणी खाली ठेवून ती म्हणाली, “काय सांगणार होता तो तुले?”

“माहीत नाही, मावशी. मी ऐकलंच नाही.”

मग मी रुमाल तिच्यासमोर ठेवला. धुतलेला नव्हता. आत काय होतं, ते दर रविवारी कसं माझ्यासमोर यायचं, मी काय करायचो, हे सगळं सांगितलं. तिने रुमाल उलगडला, नाकाशी धरला आणि मांडीवर ठेवला.

“तुकडा कुठी हाय?” तिने विचारलं.

“मी खाल्ला.”

“त्याच्या हातून?”

“हाव. त्याच्या हातावरून.”

ती रडली. माझ्याकडे पाठ करून, भिंतीशी तोंड करून रडली. मी जायला उठलो तेव्हा तिने हात मागे करून मला बसायची खूण केली. डोळे पुसून ती म्हणाली, “मंग तुमचं दोघाचं मिटलं. आता माहं अन् तुहं राह्यलं. मले आज नाही जमत, बाबू. उद्या सकाळी ये.”

दुसऱ्या दिवशीही तिला जमलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. भाकरी फिरली, ती माझ्यासमोरून गेली आणि दोन्ही वेळा मी रिकाम्या हाताने बसून राहिलो. उठून मात्र गेलो नाही. तिसऱ्या रविवारी ती माझ्यासमोर थांबली. तिने माझ्या तळहातावर तुकडा ठेवला, आणि मग आपला हात पुढे केला, मी द्यावा म्हणून.

सिग्नलमन शिमोन, वरवट बकाल. त्याची कबर त्या टेकडीखाली आहे, बांबूचा क्रॉस आम्हीच रोवला होता. आता तो कुजला असेल. सगुणामावशी गेली त्याला बरीच वर्षं झाली. भाकरीची तिची पाळी आमच्या घरी आली. दर रविवारी मी एक तुकडा रुमालात बांधून डाव्या खिशात ठेवतो, आणि कोणी ‘एक सांगू का?’ म्हणालं, तर हातातलं काम सोडून ऐकतो.