नवा बिल्ला

इथे अमेरिकेत, हर्नडनला आमच्या शेजारी एक कोरियन आजोबा राहतात. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. संध्याकाळी आम्ही सोबत चालतो. बोलणं थंडीचं नाहीतर गुडघ्यांचं. पण पोलिसांची गाडी दिसली, की ते जागीच थांबतात, टोपी काढतात आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत मान खाली घालून उभे राहतात.

एकदा मी हसून म्हटलं, "आजोबा, इथे कोण बघतंय?"

ते सावकाश म्हणाले, "कोरियावर राज्य करणारे जपानी गेले तेव्हा मी लहान होतो. देशाचे दोन तुकडे झाले. आमच्या तुकड्यावर अमेरिकन लष्कराचं राज्य आलं. त्यांना ना भाषा येत होती, ना माणसं ठाऊक होती. मग त्यांनी जपान्यांच्या हाताखालचेच पोलीस कामावर ठेवले. माझ्या वडिलांना झोडपणारा शिपाई पुन्हा आमच्याच दारात उभा. बिल्ला तेवढा नवा."

"मग वडिलांनी काय केलं?"

"टोपी काढली."

माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलंय. काल कोपऱ्यावरून पोलिसांची गाडी वळली, तशी आजोबांनी टोपी काढली. माझे हात जॅकेटच्या खिशातून कधी बाहेर आले, मला कळलंच नाही.