पुट्टीची गेलेली शुगर

पुट्टीची शुगर दोनशे तीस आली आणि मी मनातल्या मनात एक कन्नड शिवी हासडली. मराठीत तितक्या जोरकस शिव्या मला येत नाहीत. आम्ही चार पिढ्यांचे म्हैसूरकर.

पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये चिमुकली. वजन साडेपाच किलो. चामराजपुरमचे वामनराव आणि त्यांची मुलगी शैला यांच्याकडचं हे मांजर. शैला शाळेत शिकवते. वामनराव रिटायर होऊन अठरा वर्षं झाली, तेव्हापासून ते घरी बसून सगळ्यांना शिकवतात. मी प्राण्यांची डॉक्टर. क्लिनिक सरस्वतीपुरममध्ये.

वर्षापूर्वी पुट्टीला डायबेटिस निघाला होता. शैलाने दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचलं, दहीभात बंद केला, आणि सहा महिन्यांत इन्सुलिन लागेनासं झालं. मांजरांमध्ये कधीकधी असं होतं. याला आम्ही रेमिशन म्हणतो. आजार घर सोडून गेलेला नसतो, शेजारच्या खोलीत जाऊन बसलेला असतो. औषध बंद, पथ्य चालू.

ही बातमी मी सांगितली तेव्हा शैलाच्या डोळ्यांत पाणी आलं. वामनरावांना मात्र तो स्वतःचा अपमान वाटला. त्यांना वीस वर्षं डायबेटिस.

"अय्यो, शुगर अशी सुम्ने, उगीच आपली, जाते काय डॉक्टरम्मा? माझी गेली नाही, आणि मांजराची जाते?"

"परत येऊ शकते. लक्ष ठेवा," मी म्हणाले. हे वाक्य मी दर पेशंटला सांगते. ते कोण कसं ऐकतं याचा विचार मी तोपर्यंत कधी केला नव्हता.

मग गेल्या महिन्यात शैलाचा फोन आला. शाळेतून परतली तर पुट्टी कपाटाखाली लपलेली, तोंडातून लाळ, मागचे पाय लटपटताहेत. तासाभरात आपोआप ठीक झाली. मी म्हटलं, पाल खाल्ली असेल. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. इतक्या पाली कुठून येणार? फिट्स असतील, हार्ट असेल, बागेतलं औषध चाटलं असेल, सगळं मनात येऊन गेलं. आणखी पंधराएक दिवसांनी शैला तिला तपासायला घेऊन आली, तेव्हा मशीनवर हे दोनशे तीस.

डायबेटिसवाल्या मांजराचे मागचे पाय लुळे पडतात, हे पुस्तकात आहे. शुगर वर, पाय लटपटीत. मी गणित मांडलं आणि सोडवून मोकळी झाले. घाबरलेल्या मांजराची शुगर डॉक्टरच्या टेबलावर नुसत्या रागाने दोनशेच्या वर जाते, हेही पुस्तकात आहे. पुट्टी तेव्हा माझा अंगठा चावत होती, त्यामुळे ते पान आठवलं नाही.

मागच्या दोनतीन आठवड्यांची सरासरी शुगर सांगणारी एक टेस्ट असते. तिच्यासाठी रक्त घेतलं. रिपोर्टला चार दिवस लागणार होते. मला तेवढा धीर नव्हता. उद्या संध्याकाळपासून इन्सुलिन पुन्हा सुरू करा, असं लिहून दिलं.

"मी सांगत होतों की नाही?" तिच्याबरोबर आलेले वामनराव म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मी आतल्या खोलीत मसाला दोसा खात होते. बाहेर रिक्षा थांबली आणि शैला पुट्टीला टॉवेलमध्ये गुंडाळून धावत आली. शाळेत परीक्षा असल्याने ती लवकर सुटली होती, म्हणून तरी वेळेत पोचली. पुट्टीला चक्क फिट आली होती. मागून वामनराव, चेहरा पांढराफटक.

मशीन लावलं. शुगर चौतीस.

चौतीस म्हणजे मेंदूला खायला काही नाही. शिरेतून हळूहळू ग्लुकोज द्यायला घेतलं आणि शैलाला विचारलं, "इन्सुलिन आजच दिलंत?"

"नाही मॅडम. बाटली सीलबंद आहे. फ्रिजमध्ये."

मग ही शुगर कुणी पाडली? पाचेक मिनिटांत पुट्टीने मान उचलली आणि मला ओळखून फिस्सकन फुत्कारली. इतकं गोड स्वागत माझं कुणी केलेलं नाही.

तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला. ती दर एकादशीला बाराच्या सुमारास फोन करते. "आज एकादशी आहे. कांदा खाऊ नकोस."

"नाही खात," मी म्हणाले. तोंडाला दोशाचा वास होता.

फोन ठेवला आणि शैलाची वही मागितली. ती शिक्षिका असल्याने पुट्टीचे सगळे त्रास तारीख घालून लिहून ठेवते. पहिला झटका, दुसरा झटका, आजचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. तिन्ही दिवशी एकादशी.

मांजर एकादशी करत नाही. मग घरात कोण करतं?

"वामनराव, आज उपास आहे?"

"छे, छे." उत्तर मला दिलं, बघितलं शैलाकडे.

"अप्पांचा उपास कधीच बंद केलाय," शैला म्हणाली. "गेल्या वर्षी गोळी घेऊन उपाशी राहिले आणि अंगणात पडले. डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय. मी गोळ्यांचा डबा भरते, रोज तपासते. रिकामा असतो."

मी उरलेला अर्धा दोसा आणून वामनरावांपुढे ठेवला. "मग हे खा. तुमचा चेहरा उतरलाय."

त्यांनी दोशाकडे पाहिलं. "कांदा आहे त्यात."

"रोज चालतो ना?"

त्यांनी ताटली मागे सरकवली. मी आवाज खाली आणला. "काका, हे ग्लुकोज संपेल. तिच्या पोटात काय गेलंय ते मला कळलं नाही तर शुगर परत पडेल. मग ती वाचेल असं मी सांगू शकत नाही."

ते पुट्टीजवळ गेले. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अर्धी," ते म्हणाले. "अर्धीच दिली."

"काय अर्धी?" शैला.

"माझी शुगरची गोळी."

मग सगळं बाहेर आलं. शैला शाळेत गेली की वामनराव एकादशी करत. तिने करून ठेवलेलं जेवण दारातल्या गाईला. उपाशीपोटी गोळी घेतली तर आपण पडतो, हे ते शिकले होते. पण गोळी डब्यात राहिली तर मुलीला कळणार. म्हणून अर्धी तुळशीच्या कुंडीत, अर्धी पुट्टीला.

"शुगर परत येईल, लक्ष ठेवा, असं तूच म्हणालीस की गं. मग मी लक्ष ठेवलं. पंधरा दिवसांनी एकदा. लहान जीव, पापा, बिचारी, म्हणून अर्धी."

"गिळायला कशी लावलीत?"

"कुटून, लोण्यात कालवून पंजाला फासायची. तिला घाण सहन होत नाही, चाटते. तूच दाखवलंस, जंताच्या गोळीच्या वेळी."

ते खरं होतं. मीच दाखवलं होतं, आणि फार छान जमलं म्हणून त्यांचं कौतुकही केलं होतं. ती गोळी पॅन्क्रियाजला पिळून इन्सुलिन काढते. सत्तर किलोच्या माणसाची गोळी साडेपाच किलोच्या मांजराला. पहिल्या दोन वेळा ती वाचली हे तिचं नशीब.

शैला रडायला लागली, आणि रडता रडता बापावर ओरडली. "तुम्ही पडला असतात तर? मी शाळेत, घरात कोण होतं?" वामनरावांची शुगर बघायला मशीन माझ्या हातातच होतं, पण माझं लायसन्स चार पायांपुरतं आहे. मी त्यांच्यासाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून केळी आणवली. एकादशीला चालतात. त्यांनी दोन खाल्ली.

पुट्टीला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला, तो नॉर्मल. शुगर परत आलेलीच नव्हती. त्या संध्याकाळी माझ्या सहीचं इन्सुलिन अर्ध्या गोळीच्या वर पडलं असतं, तर पुट्टी मेली असती, आणि आम्ही सगळ्यांनी डायबेटिसला दोष दिला असता. हे मी शैलाला सांगितलं.

वामनरावांच्या डॉक्टरांनी एकादशीचा तोडगा काढून दिला: फळं, दूध, आणि त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते लेखी. पुट्टी अजून रेमिशनमध्ये आहे. वामनरावांना ते अजून मान्य नाही.

माझ्या केसपेपरवर पहिला प्रश्न असायचा, मांजर काय खातं. आता त्याच्या वर एक आहे: घरात कोण काय खात नाही?